मुदतीबाहेरचे यंत्र

वरळी कोळीवाड्यात, गोलफादेवीच्या देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका मंडळाच्या माळ्यावरील खोलीत एक संगणक गेली कित्येक वर्षे अहोरात्र चालू असतो. त्याच्या हार्ड डिस्कवर या वस्तीचा चलच्चित्रांचा संग्रह साठविलेला आहे : हळदीच्या रात्री धवलारिणींनी धरलेली गाणी, लग्नांच्या वराती, सोनेरी कागदाने मढविलेला नारळ घेऊन बंदराकडे निघालेल्या नारळी पौर्णिमेच्या मिरवणुका आणि पावसाळ्यातील मासेमारीची बंदी उठल्यावर प्रथमच पाण्यात लोटल्या जाणाऱ्या होड्या. मी स्वतः प्रभादेवीचा, आणि लोअर परळच्या एका कचेरीत संगणकांच्या देखभालीची चाकरी करणारा. शाळेतील एका मित्राच्या घरच्या हळदीस गेलो असता या संग्रहाची हकीकत कानी पडली, आणि ‘तू कॉम्प्युटरमधला, तेव्हा तूच बघ’ एवढ्या एका वाक्याने, कोणताही हुकूमनामा किंवा वेतन नसता, मी त्या यंत्राच्या तैनातीस रुजू झालो तो आजतागायत बरखास्त झालेलो नाही.

या चित्रफितींचे मोल केवळ भावनेचे आहे असे कोणी समजू नये. वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उद्घाटन ३० जून २००९ रोजी झाले. पुढे किनारी रस्त्याचे खांब पाण्यात उभे राहू लागले तेव्हा क्लीव्हलंड बंदरातून होड्या सुरक्षित बाहेर पडावयाच्या तर दोन खांबांमधील साठ मीटरांचे अंतर पुरणार नाही, ते वाढवा, या मागणीसाठी येथील मच्छीमारांनी दीर्घकाळ झगडा दिला, आणि अखेर पालिकेने ते अंतर १२० मीटर करण्याचे कबूल केले. सेतू आणि खांब यांच्या आधीचे क्षितिज कसे होते, होड्या कोणत्या वाटेने निघत आणि कोणत्या खडकाला वळसा घालीत, हे आज ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना सरकारी दप्तरापेक्षा लग्नघरी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याने सहजगत्या टिपलेल्या फितीच अधिक सांगतात. याच वरळीत २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शनचे मुंबई केंद्र उभे आहे, आणि त्याच्या कार्यक्रमांतून वस्तीतील कोणाची मंडळी नाचताना दिसली की घरोघरी व्हीसीआर लावून तो कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतला जाई. अशाही काही कॅसेट या संग्रहात आहेत.

मूळ साहित्य बहुतांशी व्हीएचएस फितींचे. समुद्राची खारी हवा लोखंडाला जशी खाते तशीच ती विद्युत्-मंडलांच्या जोडांनाही खाते, आणि मुंबईच्या पावसाळ्याची दमट कपाटे फितींवर पांढरी बुरशी धरवितात. त्यामुळे फिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम एक दिवस करावेच लागणार होते. ते ज्यांनी आरंभिले त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून एक कॅप्चर कार्ड आणले होते, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या ३२-बिट आवृत्तीपुरताच लिहिलेला होता. ६४-बिट विंडोज ३२-बिटचा ड्रायव्हर आपल्या गाभ्यात शिरू देत नाही, हा नियम अपवादरहित आहे. तेव्हा ६४-बिट विंडोजचा संगणक कितीही वेगवान आणला तरी त्या कार्डाच्या दृष्टीने तो निरुपयोगीच. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची मुदत संपल्यावरही तो जुना संगणक आम्ही इंटरनेटची तार काढून, केवळ फिती उतरविण्याच्या कामी, तसाच राखला. व्हीसीआर बनविणारी शेवटची उल्लेखनीय कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले, आणि त्यानंतर बाजारात जो मिळेल तो जुना व्हीसीआर दुरुस्त करून वापरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. अशा रीतीने व्हीसीआर, कार्ड, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही चौकडी एकाच वेळी हयात असणे हीच त्या कामाची पूर्वअट होती, आणि त्या चौघांपैकी कोणाचाही कारखाना आम्हांस विचारून बंद होत नव्हता.

फिती उतरल्या, आता त्या दाखवावयाच्या कशा? तासाभराच्या फितीची एमपीईजी-२ पद्धतीची फाइल साधारण दोन ते चार गिगाबाइटची होते, आणि ती पेन ड्राइव्हवर घालून घरोघर फिरविण्याचा प्रघात काही काळ चालला. पण कोणाच्या टीव्हीवर चित्र दिसे तर आवाज येत नसे, कोणाकडे दोन्ही येत पण चित्राच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसत. तेव्हा मीडिया सर्व्हर बसविण्याचे ठरले. ज्यांना या प्रकाराचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे अवश्य आहे की, मीडिया सर्व्हर म्हणजे संगणकावर सदैव जागा राहणारा एक प्रोग्रॅम : तो चित्रफितींची यादी ठेवतो, त्यांची नावे व तारखा आपल्या डेटाबेसमध्ये नोंदवितो, इमारतीतील वायफायवरून ज्याने ज्या फितीची मागणी केली त्यास ती पुरवितो, आणि मागणाऱ्याच्या टीव्हीला मूळ पद्धत उमगत नसेल तर त्याच क्षणी तिचे त्यास उमगेल अशा पद्धतीत रूपांतर करून देतो. या शेवटच्या कामाला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि ते बहुधा एफएफएमपेग नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाकडे सोपविलेले असते.

अशा सर्व्हरांची वंशावळ मनोरंजक आहे. या शतकाच्या आरंभी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिलेल्या एक्सबीएमसी या प्रोग्रॅमला २०१४ मध्ये कोडी हे नाव मिळाले. त्याच्याच मॅकसाठी फुटलेल्या शाखेतून प्लेक्स उदयास आला. आणि एम्बी या सर्व्हरने डिसेंबर २०१८ मध्ये आपला स्रोत बंदिस्त करण्याचे ठरविताच काही स्वयंसेवकांनी त्याच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन हा निराळा संसार थाटला. या सर्वांचे गुणावगुण सांगण्याचे हे स्थळ नव्हे. मला सांगावयाचे आहे ते यांपैकी कोणताही निवडला तरी न टळणाऱ्या एका गोष्टीविषयी, आणि ती म्हणजे सर्व्हरची आवृत्ती आणि खालची ऑपरेटिंग सिस्टिम यांचे परस्परावलंबन.

लालबाग-परळच्या चाळीत पागडीने राहणारा भाडेकरू आपल्या खोलीत फरशी बदलतो, भिंतींना रंग देतो, पोटमाळा चढवितो. परंतु जिना, पाण्याची टाकी आणि पायाचे दगड मालकाचे असतात, आणि मालकाने एक दिवस इमारत पुनर्विकासास काढली की त्या नव्या फरशीचे काय करावयाचे हा प्रश्न भाडेकरूने विचारावयाचा नसतो. सर्व्हर हा असा भाडेकरू आहे. त्यास फाइली उघडणे, जाळ्यावर बोलणे, स्मृतीची जागा मागणे, चित्रपटलाच्या चिपकडून रूपांतराचे काम करवून घेणे ही सारी कामे ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवानगीने आणि तिच्या साधनांनीच करावी लागतात. जेलीफिनचेच उदाहरण घ्यावयाचे तर तो मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या पायावर उभा आहे, त्याची १०.८ ही मालिका डॉटनेट ६ वर चाले, मे २०२४ मध्ये आलेली १०.९ डॉटनेट ८ वर गेली, आणि डॉटनेट ८ च्या आधारयादीत विंडोज ७ व ८.१ ही नावे नाहीत. म्हणजे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी विंडोज ७ विरुद्ध कोणतेही फर्मान काढलेले नसता, केवळ खालचा पाया एका पायरीने वर सरकल्यामुळे, जुन्या संगणकावरील भाडेकरूचा हक्क आपोआप संपला. मॅकवरही २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीने ३२-बिटचे सर्व प्रोग्रॅम एकाच फटक्यात नाकारले.

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली त्या वेळी मंडळाचा संगणक त्याच आवृत्तीवर होता, आणि कार्यकर्त्यांपैकी तरुण मंडळींचा आग्रह असा की आता विलंब न लावता विंडोज १० घालावी. माझे मत निराळे पडले. यंत्राला इंटरनेटशी कर्तव्य नव्हते; इमारतीतल्या वायफायच्या सीमेबाहेर त्याचा व्यवहार जात नव्हता; सर्व्हरही जुना आणि त्याच्या खालची ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच काळची, दोघांचे सूत जमलेले. मुदत संपते ती दुरुस्त्या पुरविण्याच्या वचनाची, यंत्राच्या चालण्याची नव्हे. तेव्हा बाहेरची तार काढून घ्यावी आणि आहे ते चालू ठेवावे, असे मी सुचविले, आणि बऱ्याच वादविवादानंतर ते मान्य झाले.

मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीत कोळीवाडा सील झाला. वरळी कोळीवाडा हे मुंबईत सर्वप्रथम बंद झालेल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक, हे वाचकांना आठवत असेल. बाहेरचा मनुष्य आत जाणे शक्य नव्हते. बंदरावरचा व्यवहार थांबला. आणि ज्या घरांतून एरवी पहाटेपासून माणूस थांबत नसे त्या घरांत सारे कुटुंब दिवसभर एका खोलीत बसून राहू लागले. त्या दिवसांत त्या माळ्यावरच्या यंत्रावर जेवढी मागणी आली तेवढी पूर्वी कधी आली नव्हती. आणि अशातच एका रात्री वीज जाऊन परत आली, आणि संग्रहातील सर्व नावे दिसेनाशी झाली.

मित्राची मावशी, जिचा स्वर ऐकताच फोन कानापासून चार बोटे दूर धरावा लागतो, मला म्हणाली, “पोरा, आमची नारली पुनव कवा दिसनार?” मी प्रभादेवीत, यंत्र कोळीवाड्यात, आणि मधल्या रस्त्यावर पोलिसांचा पहारा. मित्राच्या पुतण्यास फोनवर धरून त्याच्याकडून पडद्यावरील एकेक अक्षर वाचवून घेतले तेव्हा उलगडा झाला : फितींची हार्ड डिस्क यूएसबीने जोडलेली होती, आणि वीज परत आल्यावर विंडोजने तिला पूर्वीच्या ‘ई’ या अक्षराऐवजी ‘एफ’ हे अक्षर दिले होते. सर्व्हरच्या दप्तरी पत्ता जुना. तो त्या पत्त्यावर गेला, तेथे कोणी सापडेना, म्हणून त्याने सर्व फिती बेपत्ता ठरविल्या. अशा वेळी अननुभवी मनुष्य घाबरून ‘यादी पुन्हा तपासा’ हे बटण दाबतो, आणि सर्व्हर बेपत्ता नोंदी खरोखरच पुसून टाकतो. फिती शाबूत राहतात, परंतु कोणती हळद कोणाची, कोणत्या सालची, हे वर्षानुवर्षे म्हाताऱ्यांना विचारून नोंदविलेले सारे ज्ञान नाहीसे होते. पुतण्याला मी तेवढे बटण सोडून बाकी काहीही दाब असे सांगितले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पूर्ववत केले, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि नावे परत आली. ती दुरुस्ती विंडोज ७ वर जशी झाली तशीच कोणत्याही विंडोजवर झाली असती. पण यंत्र त्या आठवड्यांत चालू होते हेच मुळी जानेवारीत काही न बदलल्याचे फळ होते, असे माझे आजही मत आहे.

संकट आले ते पुढे, आणि ते अर्धवट नवेपणातून आले. साथ ओसरल्यावर एका उत्साही कार्यकर्त्याने, ज्याच्या सद्हेतूविषयी मला लेशमात्र शंका नाही, खालची विंडोज ७ तशीच ठेवून वरचा सर्व्हर तेवढा नव्या आवृत्तीचा केला. सर्व्हर सुरू झाला. त्याने प्रथम काय केले असेल तर जुना डेटाबेस आपल्या नव्या रचनेत रूपांतरित केला. सर्व नावे, सर्व चित्रे पडद्यावर पूर्वीपेक्षाही देखणी मांडली. आणि एखादी फीत लावावयास जावे तो काळा पडदा. नव्या सर्व्हरबरोबर आलेले रूपांतराचे साधन विंडोज ७ मध्ये नसलेल्या सोयींची अपेक्षा करीत होते. तेव्हा जुनी आवृत्ती पुन्हा बसविली. ती नव्या रचनेचा डेटाबेस वाचीना. पुढे जावे तर खालची जमीन नाही, मागे यावे तर वाट मोडलेली, अशी ती अवस्था होती. असे बहुतेक सर्व सर्व्हरांत घडते, कारण डेटाबेसचे रूपांतर एकाच दिशेने होते. आमच्या तत्कालीन सर्व्हरचे नाव सांगण्याचे म्हणून काही प्रयोजन नाही. आदल्या गणपतीच्या सुमारास घेतलेली डेटाबेसची एक प्रत होती. त्यावरून बराच भाग परत मिळाला, मधल्या महिन्यांतल्या नोंदी मात्र गेल्या, आणि त्यांपैकी काहींची माहिती देणारी माणसे तोवर हयात राहिली नव्हती.

त्या प्रसंगापासून मी एक नियम बांधून घेतला आहे आणि कचेरीतही तो चालवितो : एक तर सर्वच जुने ठेवावे आणि त्याचे दार बंद करावे, नाहीतर खालपासून वरपर्यंत सर्वच एकदम बदलावे. सर्व्हर नवा आणि ऑपरेटिंग सिस्टिम जुनी, किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नवी आणि सर्व्हर तिच्या आधीच्या काळचा, या दोन्ही मधल्या स्थिती टाळाव्यात. ‘आता एवढे करू, बाकीचे नंतर’ हे सूत्र घराच्या रंगकामाला ठीक असेल. येथे तेच घातक ठरते.

यंत्र तेव्हा विंडोज १० वर नेले, आणि तिचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मंडळाच्या यंत्रात यांपैकी एकही नव्हते. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सोय ठेवली होती. परंतु तिने निर्णय एक वर्ष लांबला असता, टळला नसता. नवा संगणक घेण्याइतकी वर्गणी मागण्याची माझी तयारी नव्हती, कारण जुन्या यंत्राचा प्रोसेसर आपले काम व्यवस्थित करीत होता. फक्त त्याच्या जातीचा उल्लेख एका यादीतून वगळला गेला होता. म्हणून जून २०२३ मध्ये आलेली डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि तिच्यावर जेलीफिन, अशी जोडी एकाच वेळी बसविण्याचे ठरविले.

लिनक्सवरच्या अडचणी निराळ्या कुळातल्या निघाल्या. चित्रपटलाच्या चिपकडून रूपांतर करवून घ्यावयाचे तर सर्व्हरच्या नावाच्या वापरकर्त्यास ‘रेंडर’ या गटात दाखल करावे लागते. तसे न केल्यास सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडून यंत्राचा पंखा गुरगुरू लागतो. तळमजल्यावरील एका कुटुंबाचा टीव्ही जुना. त्याला फिती केवळ डीएलएनए या पद्धतीनेच मिळू शकत. ही पद्धत ठरविणारी संस्था २००३ मध्ये स्थापन होऊन २०१७ मध्ये विसर्जितही झाली, आणि जेलीफिनने १०.९ पासून ती सोय मूळ संचातून काढून वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवली आहे. हा बदल रीतसर जाहीर झालेला होता. वाचला होता म्हणून प्लगइन आधीच घातला, आणि तळमजल्याची तक्रार आली नाही.

खरी गंमत केली ती ‘ऱ’ या एका अक्षराने. ‘नवऱ्याची हळद’ या नावाच्या अनेक फायली. त्यांतील काही विंडोजवर मराठी कीबोर्डाने टाइप केलेल्या, काही एका लग्न-छायाचित्रकाराच्या मॅकवरून आलेल्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नावे दुसऱ्या प्रकाराने फोडून ठेवी, आणि लिनक्सची ईएक्सटी४ ही व्यवस्था नावाच्या अर्थाकडे किंवा रूपाकडे न पाहता केवळ बाइटांची तुलना करते. पडद्यावर तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे यंत्राच्या लेखी दोन निरनिराळी. माहितीची फाइल एका प्रकारची आणि चित्रफीत दुसऱ्या प्रकारची असली की सर्व्हर त्यांची सांगड घालीना. दुसऱ्या, तिसऱ्या, वऱ्हाडी, नवऱ्या अशा प्रत्येक नावाशी हाच प्रकार. इंग्रजी नावांचे संग्रह बाळगणाऱ्यांना हा घोळ स्वप्नातही दिसत नसेल, आणि म्हणूनच त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात त्याचा उल्लेखही सहसा आढळत नाही. कन्व्हएमव्ही नावाचे एक जुने साधन सर्व नावे एकसंध रूपात आणून देते. ते आधी कोरडे चालवून, काय बदलेल याची यादी पाहून, मगच खरे चालविले.

या खेपेस आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक फितीची माहिती, म्हणजे कोणाचे लग्न, कोणती आळी, कोणते साल, गाणे कोणी धरले, ही सर्व्हरच्या डेटाबेसच्या हवाली न करता त्या फितीच्याच शेजारी एनएफओ या साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवली. ती कोणत्याही संगणकावर उघडते, कोणत्याही सर्व्हरशिवाय वाचता येते, आणि जेलीफिन, कोडी व एम्बी हे तिन्ही तिला ओळखतात. सर्व्हर उद्या नाहीसा झाला तरी ‘ही कोणाची हळद’ हे सांगणारा कागद फितीपासून विलग होणार नाही.

डेबियन १२ ची दीर्घ मुदत ३० जून २०२८ रोजी संपते. ती तारीख मंडळाच्या वहीत लाल शाईने लिहिलेली आहे, आणि तिच्या आधीच्या उन्हाळ्यात सर्व्हर व ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही एकत्र बदलण्याचे ठरले आहे. गिरगाव, दादर, माहीम, शिवडी येथे ज्या घरांत अशा कॅसेट माळ्यावर पडून असतील त्या मंडळींना माझी विनंती एवढीच की, येत्या पावसाळ्यापूर्वी त्या उतरवून घ्याव्यात, चित्रातील माणसांची नावे सांगू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती साध्या फाइलीत लिहावीत, आणि या सर्वांची एक प्रत नातलगाच्या घरी दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवावी; सर्व्हर कोणता घ्यावा याचा विचार त्यानंतर सावकाश केला तरी चालेल.